पाच बोटं

१२ सप्टेंबर

चैताली आज अंधारातच उठून तळ्यावर गेली. गावातल्या अमरसिंहाच्या सायकल ग्रुपबरोबर, पाखरं बघायला! माझी बायको!! कळंबच्या शाळांतल्या पोरांना माळावर नेऊन पाखरं दाखवणं ही माझी नोकरी. लग्नापासून म्हणतोय, चल की एकदा. तर, "मला न्हाय जमत त्या चिखलात." आता बरं जमतं!

१४ सप्टेंबर

शिणून आलो, मोबाईलवर बंदुकांचा गेम लावला. हल्ली रोज कुणीतरी मागून येतं आणि मला मारतं. पूर्वी चैताली जोडीला असायची. "मागं बघा, पावलं वाजतायत!" म्हणून ओरडायची. आता ती कानात इयरफोन घालून ओट्यावर बसते. आज आत आली ती फक्त भांडायला. "आवाज कमी करा की! शेजारच्या कमलबाई दारात येऊन गेल्या."

आवाजाशिवाय गेम म्हणजे काय, मुक्या बाहुल्या बघत बसायच्या?

१७ सप्टेंबर

अमरसिंहाचा फोन आला होता. ती ओट्यावर बोलत होती, इतकं हळू की मी खिडकीला चिकटून उभा राहिलो तरी एक शब्द कळेना. लाज वाटली. तरी उभा राहिलो.

"काय एवढं गुलुगुलु चाललं होतं?" "कुठं? नेहमीसारखंच तर बोलत हुते," म्हणाली. आणि माझ्याकडं बघतच राहिली. चोराच्या मनात चांदणं!

२१ सप्टेंबर

सातवीच्या पोरांना माळावर नेलं. पाच बोटांचा खेळ घेतला — डोळे मिटायचे, मूठ आवळायची, नवा आवाज ऐकला की एक बोट उघडायचं. डोळे उघडून बघतो तर सगळ्यांची चार-चार, पाच-पाच बोटं. माझी दोन.

"खोटी बोटं मोजायची नाहीत," म्हटलं.

आरोही म्हणाली, "सर, लई बारीक वाजतंय. त्या बाभळीत." शिंजीरासारखं बारीक पाखरू असतं तर मला कळलं नसतं का? खाली बसवलं तिला. मग फवारणीनं गवतातले किडेसुद्धा कसे संपले, यावर भाषण ठोकलं. पोरं एकमेकांकडं बघत होती. माझं लक्ष तळ्याच्या बांधाकडं. तिथं दोन सायकली उभ्या होत्या.

२२ सप्टेंबर

जळतोय मी. सरळ लिहून टाकतो. त्याच्याकडं बागायती रान आहे, ती सायकल, ती भारी दुर्बीण. माझ्याकडं पाखरंच तेवढी होती. तीही त्यानंच दाखवावीत हिला? आज भाजी परतताना चैताली चंडोलाची शीळ घालत होती. हुबेहूब! मी जेवलो नाही.

२३ सप्टेंबर

काही नाही. अबोला.

२८ सप्टेंबर

बाजारात अमरसिंह भेटला. "सर, वहिनींचा कान लई तयार झालाय बगा!" वर हसतोय. मी तोंड फिरवून निघालो. घरी येऊन फटाफटा बोललो. काय शिकतेस त्याच्याकडं? माझ्यात काय कमी आहे?

वाटलं, भांडेल. भांडली नाही. "उद्या पोरांबरोबर मी बी येते माळावर. तितं सांगते," एवढंच.

सोडून चालली की काय मला?

२९ सप्टेंबर

पोरं यायच्या आधी पोचलो. तिनं मला गवतात उभं केलं. "ऐका. काय काय येतंय?"

"वारा. लांब कुठंतरी टिटवी."

"आन् किडे?"

"किडे कुठं राहिलेत आता?"

ती रडायलाच लागली. "अवो, कान किटलेत माझे त्यांच्या आवाजानं! वरीसभर बगतेय मी. बारीक आवाज तुमाला येतच न्हायत. लातूरला डॉक्टरकडं जाऊच. पर तवर पोरांपुढं तुमी खोटं पडाय नको म्हणून मी पाखरांचे आवाज शिकले, तळ्यावर जाऊन, कानात इयरफोन घालून. आदी तुमाला सांगायची हिंमत झाली न्हाय."

पोरं आली. आधी आरोहीला सांगितलं, बाळा, तुझी पाचही बोटं खरी होती.

डोळे मिटले. मूठ आवळली. चैताली शेजारी उभी राहिली आणि एकेका आवाजाला माझं एकेक बोट उघडत गेली.

पाच.