पांढरं येतं तेव्हा

२५ नोव्हेंबर १९९६, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. मैदानात गवत गुडघ्याएवढं. शाळेचा शिपाई नानासो विळा घेऊन उभाच होता. "बाई, आवंदा शर्यती हाईत का न्हाईत ते सांगा, मग कापतो." हेडसर विषयच काढत नाहीत. गेल्या डिसेंबरात नववीतला कुणाल पळता पळता पडला आणि गेला, तेव्हापासून या शाळेत कुणी शर्यत लावलेली नाही. मी खेळाची बाई, आणि वर्षभर कॅरम आणि बुद्धिबळ शिकवतेय! शिट्टी कपाटात पडून आहे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर एकटीच एक फेरी पळले. तिसऱ्या कोपऱ्यावर पांढरं आलं. आधी आवाज जातात — कावळे, रहिमतपूर स्टेशनकडं जाणारा ट्रॅक्टर — मग सगळं दुधाळ, आणि त्यात मी कुठंतरी, हलकी. दोन-तीन क्षणच. चिंचेला धरून उभी राहिले. दहावीत असल्यापासून येतं हे. कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. सांगितलं की जाईल असं वाटतं. माझं एकटीचं असं एवढंच तर आहे.

२८ नोव्हेंबर

पुन्हा तेच स्वप्न. धुकं, मैदान, आणि चिंचेखाली बसून कुणाल कांदा सोलतोय. "डोळं झोंबत न्हाईत बघा, बाई."

१ डिसेंबर, रविवार

सांगलीला जाऊन आले. साताऱ्याहून गाडीत बसले आणि बघते तर कंडक्टर राजाराम — कुणालचे वडील. मला बघून त्यांचा हात तिकिटाच्या पंचावर थांबला. मग नेहमीसारखं टक-टक. "बसा बाई, म्होरं जागा हाय." उंब्रजपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते. उसाला तुरे आलेत, त्यावर ऊन. इतकं छान दिसत होतं की मला माझीच लाज वाटली.

सौमित्रकडं गेले. माझा मामेभाऊ, हृदयाचा डॉक्टर. वर्षभर कुणाला न सांगितलेलं त्याला सगळं सांगितलं. इथंही लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पळवाट नको.

कुणाल शेवटच्या वळणावर पडला. मला वाटलं फिट. सगळ्यांनाच वाटलं. कुणी चप्पल नाकाला लावली. मी ओरडले, "कांदा आणा!" नानासो मागच्या कुंपणातून पळत वस्तीवर गेला, कांदा आणला, मी तो दगडावर फोडून कुणालच्या नाकाशी धरला. मधेच तो मोठा श्वास घ्यायचा, घरघरल्यासारखा. मी म्हणत होते, श्वास चालू आहे, येईल शुद्धीवर. फाटकाला कुलूप, किल्ली नानासोच्या कमरेला, आणि नानासो कांद्यामागं. जीप आली तेव्हा बारा मिनिटं झाली होती.

सौमित्र म्हणाला, "उमाताई, तो श्वास नव्हता. हृदय थांबल्यावर शरीर तसं काही वेळ करतं. तेव्हा छाती दाबायची असते. लगेच. जीप येईपर्यंत थांबायचं नाही."

"वाचला असता?"

"कदाचित. नक्की कुणीच सांगणार नाही." मग त्यानं विचारलं, "भावंडं आहेत?"

आहे. धाकटी बहीण, प्रियदर्शनी, आठवीत. तो म्हणाला, असं अचानक गेलेल्या मुलाच्या भावंडांच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायलाच हवी. हृदयाचे दोष घरात चालत येतात.

परतीच्या गाडीत कंडक्टर दुसराच होता. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

३ डिसेंबर

हेडसरांपुढं तासभर डोकेफोड. आधी म्हणाले, "अहो, शाळा आहे, दवाखाना नाही." मग म्हणाले, "मुलींनी मुलाच्या छातीवर हात ठेवायचा? गाव काय म्हणेल?" मी म्हटलं, बाहुलीवर शिकवते. बाहुलीला गाव काय म्हणणार! हसले. आठवड्यातून दोन तास दिले.

फाटकाची किल्ली आजपासून फाटकाशेजारच्या खिळ्याला. जीप कुणाकुणाकडं आहे, टेलिफोन कुठल्या दुकानात आहे, ते खडूनं शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लिहिलं. दवाखान्याचा नंबर सगळ्यात वर.

६ डिसेंबर

बाहुली झाली. पोत्यात भुसा, छातीच्या जागी अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब, म्हणजे दाबलं की वर येतं. वर शाळेचा जुना सदरा. पोरींनी नाव ठेवलं भुसाप्पा. सौमित्रनं शिकवल्याप्रमाणं — पंधरा वेळा दाबायचं, दोनदा तोंडानं श्वास द्यायचा. श्वासाची वेळ आली की सगळा वर्ग हसून आडवा. रुमाल मधे ठेवला तरी भुसाप्पाला तोंड लावायला कुणी तयार नाही. शेवटी मीच लावलं. भुशाचा वास. लहानपणी बैलगाडीत झोपायचे, तो वास.

प्रियदर्शनी आज नव्हती. घरची सगळी मुंबईला गेलीत, चैत्यभूमीला.

९ डिसेंबर

आज एक वर्ष. चिंचेखाली कुणीतरी पांढरी फुलं ठेवली होती.

११ डिसेंबर

अडचण अशी की पोरांचे हात पळतात. कुणी भराभरा दाबतं, कुणी पुऱ्या लाटल्यासारखं. मोजायला सांगितलं तर आकडे चुकतात. मी कंटाळून व्हरांड्यात बसले. पलीकडं नानासो सव्वीस जानेवारीच्या लेझमीसाठी ढोल तापवत होता. उन्हात, डोळे मिटून, स्वतःशीच वाजवत. चार-चार. मी ऐकत राहिले, ऐकत राहिले, आणि एकदम उठले.

घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अठ्ठ्याऐंशी ठोके! सौमित्रनं ऐंशी ते शंभर सांगितलेत.

ढोल आत आणला. लेझीम तर या पोरांच्या अंगातच आहे, चौथीपासून खेळतात. ढोल वाजला आणि चाळीस जोड्या हात समोरच्या दप्तरांवर एकदम बरोबर पडायला लागले. मग ढोल थांबवला, तरी हात तसेच. नानासो बघत होता. म्हणाला, "त्या दिवशी मला कांद्याला धाडलंसा बाई. ढोलाला धाडायचं व्हतं." त्यात टोमणा नव्हता. तोही वर्षभर हेच उगाळतोय म्हणजे.

१३ डिसेंबर

प्रियदर्शनी मैदानाच्या भिंतीला पाठ लावून उभी असते. पायांची बोटं मात्र आत-बाहेर. वडिलांनी तिला मैदान बंद केलंय. "पळायचं न्हाई म्हणत्यात आण्णा. दादा पळूनच गेला म्हणत्यात." भुसाप्पावर मात्र सगळ्यांत चांगली तीच दाबते. हात सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर. तोंडानं हळू मोजते. मी तिच्याकडं बघत असते तेव्हा मला ती फार लांब, पाण्यापलीकडं दिसते. या मुलीला पळू द्यायचंय मला. आणि तिला काही होऊही द्यायचं नाहीये.

१५ डिसेंबर, रविवार

राजारामांच्या घरी गेले. बनाबाईंनी — कुणालच्या आईनं — चहा दिला. मी सांगितलं, प्रियदर्शनीला सांगलीला दाखवू, डॉक्टर माझा भाऊच आहे. राजाराम शांतपणे म्हणाले, "बाई, कुणालला ऊन लागलं म्हणला व्हता तुमी. लगीच गेला म्हणला. मग पोरीला कशापायी दाखवायचं? तिला काय बी झाल्यालं न्हाई."

खरंय. मीच म्हटलं होतं. डिसेंबरातलं ऊन! तेव्हा त्यांना बरं वाटावं म्हणून — नाही. मला बरं वाटावं म्हणून. आज त्या खोटेपणाच्या आड ती पोर उभी आहे. मी चहा संपवून उठले. नुसती उठले!

१६ डिसेंबर

जिना चढताना पांढरं. नळाची धार ऐकू येत होती, मग नाही. बाबांची आठवण आली, का कोण जाणे. माहुलीला घाटावर पोहता पोहता गेले. पट्टीचे पोहणारे, कृष्णेला पूर असला तरी पार करायचे, आणि उन्हाळ्यातल्या पाण्यात बुडाले. पायात गोळा आला म्हणाले लोक. मी आठ वर्षांची होते. त्यांनाही पाण्याखाली असंच शांत वाटलं असेल.

२० डिसेंबर

पालकांपुढं प्रात्यक्षिक. वर्गात मुंगीला जागा नाही. मी विचारलं, माणूस पडला तर काय करायचं? मागून तीन-चार आवाज, "कांदा!" भुसाप्पा मधे टाकला. एकजण हाक मारतो, एकजण फाटकाकडं पळतो, एकजण टेलिफोनला, बाकीचे दाबतात, पाळीपाळीनं. सहावीतल्या मयूरीची आजी, अंबूबाई, पहिल्या रांगेत. म्हणाली, "माज्या छातीवर एवढ्या पोरी बसल्या तर मी मेल्याली बी उठून पळंन." सगळे हसले. मी म्हटलं, तेच तर पाहिजे, आजी.

राजाराम दाराशी उभे होते, खाकी कपड्यांत, ड्यूटीवरून थेट. ते हसले नाहीत. घड्याळ बघत होते. पोरी किती मिनिटं दाबतात ते मोजत होते.

२२ डिसेंबर, रविवार

मुद्दाम त्यांचीच गाडी धरली. कराड स्टँडवर दहा मिनिटं थांबते. चहाच्या टपरीमागं उभं राहून सांगितलं. ऊन नव्हतं. लगेच गेला नाही. बारा मिनिटं होता. मला कळलं नाही. मी कांदा धरून बसले होते.

त्यांच्या हातातल्या पंचाची टक-टक चालू, तिकीट नसताना. स्टँडवरचा भोंगा मुंबई, कोल्हापूर, कोयनानगर ओरडत होता.

"बारा मिनटं," ते म्हणाले. "त्यात काय बोलला का त्यो?"

"नाही."

"हात कुणी धरला व्हता?"

"मी."

त्यांनी मान हलवली. चहा तसाच ठेवला, गाडीत चढले, घंटी दिली. मी खालीच राहिले. गाडी गेली. रडू आलं तेव्हा टपरीवाल्यानं न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला.

२७ डिसेंबर

प्रियदर्शनीनं चिठ्ठी आणली. वापरलेल्या तिकिटामागं पेन्सिलनं: "४ तारखेला सुट्टी टाकली आहे. — राजाराम."

४ जानेवारी १९९७, शनिवार, सांगली

वायरी बघून प्रियदर्शनी घाबरली. मी म्हटलं, बघ, आधी मी झोपते. झोपले. मलम गार, छत पांढरं, पंखा सावकाश. मला तर तिथं झोपच यायला लागली. यंत्र कुरकुरत कागद बाहेर टाकत होतं. मग ती झोपली, माझा हात धरून.

तिची पट्टी स्वच्छ! नंतर यंत्राच्या पडद्यावर आतूनही बघितलं. सौमित्र म्हणाला, सगळं ठीक, वर्षाला एकदा दाखवत राहा, पळू दे. राजारामांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, शर्यती लावा आवंदा." पोर दवाखान्याच्या पायऱ्या दोन-दोन उतरून खाली गेली.

सौमित्रनं मला मुक्कामाला ठेवून घेतलं. मामीची आमटी खाऊन जा म्हणाला. जेवताना मात्र माझ्या पट्टीचा कागद दोनदा उघडून बघितला.

५ जानेवारी, रविवार, सांगली

सकाळी सौमित्रनं मलाही पडद्यावर दाखवलं. माझं हृदय. एका बाजूची भिंत जाड आहे. पळायचं नाही आता, कधीच. बाबा गेले तेव्हा किती वर्षांचे होते, विचारलं. अडतीस. मी छत्तीस. मग म्हणाला, "उमाताई, कधी डोळ्यांपुढं काही —" मी म्हटलं, पांढरं येतं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

उद्या शाळा. शिट्टी प्रियदर्शनीला द्यायची. आणि पोरांना समोर बसवून सांगायचं — बाई पडल्या तर कांदा आणायचा नाही.