गेल्या सोमवारचं उत्तर

४ मार्च, सोमवार
या आठवड्याचा धडा सगळ्या डॉक्टरांना मेलने पाठवला. विषय — मूत्रपिंड अधू असताना औषधाची मात्रा. शेवटी एक प्रश्न, उत्तर मेलनेच द्यायचं. बरोबर आलं की गुण. गुण भरले की डॉक्टरांची नोंदणी पुढे चालू. बहुतेक जण धडा न वाचताच "ब" ठोकून देतात. ब! जणू लिलावात बोली लावताहेत. सविस्तर लिहिणारे एकटे आमचे डॉक्टर बाबा. खाली हमखास : "पोरी, शुद्धलेखन सांभाळ."

११ मार्च
आजच्या धड्याला बाबांचं उत्तर आलं. अगदी अचूक — पण गेल्या सोमवारच्या प्रश्नाचं. गडबडीत झालं असेल. गुण देऊन टाकले.

१८ मार्च
पुन्हा तेच! आजचा धडा लहान मुलांच्या दम्याचा होता. बाबांनी मूत्रपिंडाचं उत्तर पाठवलंय, शब्दन् शब्द तेच.

१९ मार्च
आईला फोन केला. आधी उडवाउडवी. मग म्हणाली, "अगं, परवा तान्ह्या बाळाला मोठ्या माणसाची मात्रा लिहून दिली त्यांनी. औषधाच्या दुकानातून फोन आला म्हणून निभावलं."
आणि लगेच, "पण तू गुण कापू नकोस हं. दवाखाना सुटला तर खचतील गं ते."
तपासून घ्या म्हटलं की अंगावर येतात म्हणे. मग सगळ्यांनी नुसतं मूग गिळून बसायचं? पुढच्या वेळी दुकानातून फोन आला नाही तर? आईचा राग आला. माझाही.

२२ मार्च
बाबांशी बोलले. "आता दवाखाना पुरे करा ना, बाबा."
"तू शिकवणार मला?" फोन आपटला.
खूप रडले.

२५ मार्च
मार्चअखेर, गुणांच्या वर्षातला शेवटचा धडा, हृदयविकाराचा. बाबांचं उत्तर — मूत्रपिंड. सगळा दिवस मेल तसाच उघडा ठेवला. संध्याकाळी "अनुत्तीर्ण" दाबलं. आता गुण कमी पडून नोंदणी अडेल. वैऱ्यासारखं वागले असं वाटतंय. आईला सांगायचा धीर झालेला नाही.

२७ मार्च
बाबांचा मेल : "संपादक महोदया, आपला निर्णय योग्य आहे. स्मरणशक्ती दगा देते, हे मलाही जाणवतं. दवाखान्याला आज कुलूप लावलं. एकच विनंती. मला एक मुलगी आहे. तिला हे एवढ्यात कळवू नका. फार हळवी आहे ती."