शिवकन्या परतूरला माघारी येत न्हाई

तीर्थस्वरूप दैवशालाआत्याच्या पायाशी,

इंग्लंड मुक्कामाहून शिवकन्येचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सध्या वाकत न्हाई, म्हणून आठातलं एक अंग बाकी समज.) तुझी शुगर, दारातली म्हैस आणि शेजारच्या सर्जेरावाशी चाललेलं भिंतीचं भांडण, तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा करते. मी बरी आहे. म्हणजे कालपेक्षा बरी आहे. आमच्या धंद्यात याला ठणठणीत म्हणतात.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. आत्या, फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. परवाच्या पाऊण तासात माझ्या वाट्याला एक ‘हॅलो’ आणि दोन ‘बरं’ आले. पत्रात तुला मधी बोलता येत न्हाई. (शीतलवहिनी, आत्याचा चष्मा फुटलाय म्हणजे वाचून तुम्हीच दाखवत असणार. ती मधी बोललीच तर थांबू नका, आवाज वाढवा. सून झालात म्हणून काय झालं, आज तुमच्या हातात कागद आहे.)

तर परवा तू हुकूम सोडलास की ही खोटी कुस्ती पुरे झाली, दिवाळीच्या आत माघारी ये आणि जालन्याच्या बियाणे कंपनीतल्या त्या मुलाला हो म्हण. मुलाबद्दल माझी काही तक्रार न्हाई. फोटोत चांगला दिसतो, शर्ट इस्त्रीचा आहे. पण आत्या, मी येत न्हाई. का येत न्हाई ते नीट सांगायला मला कागदच लागतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी ‘खोटी’ या शब्दाचं बघू. कोण हरणार ते आमच्यात आधीच ठरलेलं असतं, हे खरं. पण तेवढंच ठरलेलं असतं. जमीन खोटी नसते. रिंगखाली फळ्या असतात, फळ्यांवर बोटभर गादी, आणि सत्तर किलोची बाई तिच्या डोक्यावरून मला त्या गादीवर आपटते, तेव्हा फळीला कुणी सांगितलेलं नसतं की ही नाटकातली शिवकन्या आहे, हिला हळू लाग. आणि हरायचं म्हणशील तर तो माझा हुन्नर आहे. धावड्याच्या जत्रेत मला पोरगी म्हणून कुस्ती द्यायला पंच तयार नव्हते, तेव्हा तू पदर खोचून आखाड्याच्या मधोमध उभी राह्यलीस आणि पंचांच्या सात पिढ्या मोजायला घेतल्यास. दोन पिढ्यांतच त्यांनी माझ्यासाठी पोरगं शोधलं. मी त्याला चीत केलं, तू नारळ फोडलास. त्या दिवशी तुला वाटलं असंल की पोरगी जिंकायला जन्मली. पण पुढं या धंद्यात आले, तेव्हा कळलं की जिंकणाऱ्या ढिगानं आहेत. समोरच्या पोरीचं हाडूक न मोडता, तिला वाघीण वाटायला लावून, स्वतः धाडकन पडणारी बाई मात्र हुडकावी लागते. मला हुडकत येतात.

अशी मी जग फिरले. जपानमधी त्यांनी मला नागराणी केलं आणि गळ्यात रबरी नाग दिला. पहिल्याच मॅचला समोरचीनं त्याच नागानं मला बदडलं आणि नाग कायमचा तिच्याकडं गेला. तिथं नव्या पैलवानिणीला थोरल्या पैलवानिणींचे कपडे धुवावे लागतात, रिंग जोडावी लागते, पुन्हा खोलावी लागते. मला त्याचं काहीच वाटलं न्हाई. तुझ्या घरात राहून शाळा शिकले, म्हटल्यावर शिस्तीची सवय होतीच. मेक्सिकोत तोंडावर मुखवटा घालून खेळतात. ते मला फार आवडलं, कारण हरलं कोण ते कुणाला कळत न्हाई. (एकदा मी दोन मुखवटे बदलून एकाच दिवशी दोनदा हरले.) जर्मनीत मला पुठ्ठ्याच्या हत्तीवर बसवून आणणार होते. हत्ती दारातून आत जाईना. मंग हत्ती बाहेर ठेवून मी चालत गेले, आणि लोकांनी बाहेर जाऊन हत्तीसंगं फोटो काढले.

सगळीकडं मी एकच भांडण केलं, आणि ते जिंकले. माझं नाव पुकारताना सगळे म्हणायचे, ‘मुंबईची शिवा’. मी म्हटलं, मी मुंबईची बिलकुल न्हाई, मुंबईत मी फक्त विमानात बसले. परतूर म्हणा. न्हाई म्हणाल तर मी पडद्याआडून बाहेरच येत न्हाई. आता बराबर परतूर पुकारतात. ‘पाऽऽर्टर’ असं ऐकू येतं, पण नियत साफ आहे.

आता मूळ मुद्दा. इथं मी समुद्रकाठच्या गावागावांत खेळून राह्यले. दुपारचे खेळ, समोर म्हाताऱ्या बाया, लेकरं, हातात बटाट्याचे तळलेले तुकडे. आमच्या मालकाचं नाव टेरी. एके काळचा पैलवान, आता नुसतं पोट राह्यलंय. गेल्या महिन्यात त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “शिवा, तू कामाची आहेस, पण लोकांना तुझी दया येते. दया आली की मजा जाते. या मोसमानंतर जमायचं न्हाई.” आत्या, ते मला गुडघ्यापेक्षा जास्त लागलं. आमच्यात लोकांनी टाळ्या तरी वाजवाव्या न्हाईतर शिव्या तरी द्याव्या. ज्याची दया येते तो पैलवान म्हणजे पोळ्याला न सजवलेला बैल. मी त्याला म्हटलं, मोसम संपेपर्यंत मी जाणार न्हाई, आणि संपल्यावरही जाणार न्हाई. का ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोनच दिवसांनी जेम्मा नावाच्या नव्या पोरीसंगं माझी मॅच होती. पोरगी गुणाची, पण घाबरट. मी खाली पडलेली, ती माझ्यावर उडी मारणार, असं ठरलेलं. तिनं उडी मारली आणि उतरली ती थेट माझ्या वेणीवर. मी उठायला गेले तर मुंडकं खालीच. पुन्हा हिसका दिला, तर डोळ्यांपुढं काजवे. आणि मंग, आत्या, माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते मी बोललेच न्हाई. ते तू बोललीस. “तुझा मुडदा बशिवला भवाने! तुझ्या कपाशीला बोंडअळी लागो! तुझ्या भाकरीला जन्मात पापुद्रा न सुटो!” कमरेवर हात, मान वाकडी, आवाज परतूरच्या स्टेशनवरनं आपल्या घरापर्यंत जाईल एवढा.

जेम्मा दोरीला जाऊन टेकली. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीला मराठीचा म सुद्धा येत नव्हता, पण अर्थ बराबर पोचला. तिनं छत्री उगारली. त्यासरशी सगळा हॉल उठला आणि अशी हुर्यो केली माझी, अशी हुर्यो, की छताचे पत्रे वाजले. लेकरं रडली, बटाटे अंगावर आले. आत्या, इतक्या वर्षांत एवढं सुख मला झालं नव्हतं. शेवटी मी हरले, तेव्हा लोक खुर्च्यांवर चढून नाचले. (जेम्माला मी नंतर चहा पाजला आणि सगळ्याचा अर्थ सांगितला. भाकरीचं तिला फार लागलं. आता तीच मला म्हणते, पापुद्रा शिकव.)

टेरी धावत आला. म्हणाला, “हे काय होतं?”

म्हटलं, “मराठी.”

“कुणी लिहून दिलं?”

“लिहून कशाला? आमची आत्या बोलते.”

“कुठल्या थेटरात?”

“दारात.”

तेव्हापासून मी रोज तुझ्या नावानं खेळून राह्यले. एका गावात खेळ झाल्यावर एक पोरगी आडोशाला उभी दिसली, डोळे पुसत. मोनाली तिचं नाव, आपल्या अंकुशनगरची, बाप साखर कारखान्यात होता, इथं दवाखान्यात नर्स आहे. मला वाटलं, आपलं बोलणं हिला झोंबलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, “न्हाई हो ताई. आमची कौसल्याआजी अशीच बोलायची. ती गेल्यापास्नं माझ्यावर कुणी असं खेकसलंच न्हाई. इथं सगळे सॉरी आणि प्लीज. एकदा मला म्हणा ना.” मी तिला म्हटलं, “जेवलीस का, मुडदे?” तर पोरगी गळ्यात पडून रडली. मंग आम्ही दोघींनी बसून तिच्या डब्यातलं पिठलं खाल्लं.

म्हणून सांगते, मला माघारी बोलावू नको. टेरीनं हिवाळ्याच्या दौऱ्यातही ठेवलंय. गुडघा आणखी चारदोन वर्षं काढील, मी त्याला तसं बजावून ठेवलंय. धावड्याला तुझ्या भावाला, आमच्या दादालाही तूच समजावून सांग. तुझ्यापुढं दादाचं कधी चाललं न्हाई, आता काय चालणार?

घरातल्या थोरांच्या पाया पडते, धाकट्यांचे गालगुच्चे घेते, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवते.

तुझी, हरली तरी न हटणारी,
शिवकन्या

ता. क. : जालन्याच्या त्या मुलाला नकार कळवताना जरा सौम्य कळव. म्हणजे शीतलवहिनींना कळवू दे.

ता. क. दुसरा : आता खरं सांगते. टेरीला मी पुरत न्हाई. तो म्हणतो, उसनं बोलणं कळतं, मूळ माणूस आण. पैलवानिणीच्या कोपऱ्यात एक बाई उभी राहते, समोरचीला आणि लोकांना बोलत राहते, पंचाशी भांडते. हिवाळाभर ते काम तुला आहे. नऊवारी तुझीच, चपला तुझ्याच, पाठ काही करायचं न्हाई. तू मला माघारी बोलावलंस, मी तुलाच इकडं बोलावून राह्यले. पासपोर्टचं काय म्हणून घाबरू नको. गेल्या महिन्यात वहिनींनी तुला ‘आधारचं काम आहे’ म्हणून जालन्याला नेलं, फोटो काढला, बोटं टेकवायला लावली, ते आधारचं नव्हतं. (वहिनी, एवढं वाचताना दाराजवळ उभ्या राहा.) त्यांच्यावर चिडू नको. मी त्यांना इचारलं होतं की आत्या तीन महिने नसली तर तुम्हाला सुटल्यासारखं वाटंल का. म्हणाल्या, “घर खायला उठंल ताई. पण सासरे गेल्यापास्नं त्या निस्त्या भिंतीशी भांडून राह्यल्यात. त्यांना समोर चांगली माणसं पाहिजेत.”

ता. क. तिसरा आणि शेवटचा : एकच अडचण आहे, आणि ती मी टेरीलाही सांगितली. शेवटी आपल्या बाजूनं हरायचं असतं. पंच हात वर करतो तो दुसरीचा, आणि जेम्मा तुलाही ढकलून देते, त्याशिवाय लोक घरी जात न्हाईत. तू आजवर कुणाशी हरली न्हाईस, मला माहीत आहे. ते मी शिकवीन. अवघड न्हाई. पडताना हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, आणि दोन्ही हातांचे तळवे गादीवर आपटायचे. आजपासून कापसाच्या गादीवर करून बघ. वहिनींना धरायला सांग.