राहात्याचा कुणीतरी

सावेडी, २३ नोव्हेंबर

प्रिय भानू,

आठ महिने गप्प राहिलो, माफ कर. मी रोज डायरी लिहिणारा माणूस, पण तू गेलास त्या दिवसाच्या पानावर 'भानू गेला' एवढंच आहे. खाली एक ओळ खोडलेली. ती होती: 'आता तो आणखी चित्रं काढणार नाही.' लिहिताना दुःख होतं की सुटका, हे अजून ठरवता येत नाही.

काल सुनीता वहिनी आल्या होत्या, म्हणून आज लिहितोय. तुझ्या चित्रांचं पुस्तक निघतंय. प्रत्येक चित्राखाली त्यातल्या माणसाचं नाव हवंय. कांदा चिरायच्या निमित्ताने रडून घेणारा तुझा चुलता, लेकीची वेणी घालणारा पैलवान, सगळ्यांची नावं त्यांना माहीत होती. एकच अडलं. बापाच्या दहाव्याला मिशी काढलेला, पंच्याने तोंड झाकू पाहणारा माणूस.

"भाऊजी, हा कोण हो?"

मी म्हणालो, "असेल राहात्याचा कुणीतरी."

राहात्याचाच तर आहे!

तो घाट आठवतो? न्हाव्याने वस्तरा पुसला आणि माझा मामा म्हणाला, "अन्या, मिशीबिगर पार लेकरावानी दिसतूस की रं." सगळे हसले. मीही हसलो, आणि वरचा ओठ थरथरायला लागला, म्हणून पंचा धरला. तू समोरच्या पायरीवर होतास.

चित्रकलेच्या कॉलेजात माझा हात तुझ्यापेक्षा चांगला होता. सर स्वतः म्हणायचे. मग तो ओठ तुलाच कसा दिसला? माझा होता ना? मी आजही आठवीच्या मुलांना पेला आणि केळी काढायला शिकवतोय. तुझ्या प्रदर्शनाच्या बातमीला 'पुरुषत्वाचा शोध' असा मथळा आला, तेव्हा स्टाफरूममध्ये मीच म्हणालो, "शोधायला हरवलं कधी होतं?" सगळे हसले. घरी येऊन ती बातमी कापून ठेवली.

घाटावरचं ते चित्र प्रदर्शनाला पाठवायच्या आधी तू स्कूटरला बांधून मला दाखवायला आणलंस. म्हणालास, "तू नको म्हण, गुंडाळून ठिवतो."

"पाठव. पण ओठ चुकलाय."

"आसंल," म्हणालास, आणि ओठाला पुन्हा ब्रश लावला नाहीस.

ओठ बरोबर होता, भानू.

आणि माझं नाव तू बायकोलाही सांगितलं नाहीस? मला वाटायचं, सगळ्यांना सांगत असशील. मी तरी सांगितलं असतं. तुझ्या नजरेचा हेवा कसाबसा पचवला होता, आता या गप्प राहण्याचा कसा पचवू?

वहिनींनी 'नाव माहीत नाही' असं लिहून घेतलंय. पुस्तक परवा छापायला जातंय. नाव दिलं, तर माझ्या तोंडाचं खरं चित्र तू काढलंस, मी नाही, हे छापून येईल. नाही दिलं, तर मी अजून पंचाच धरून बसलोय.

हेवा सोडेन असं वचन देत नाही, खोटं पडेल. पण नाव देईन. पूर्ण देईन, वडिलांच्या नावासकट.

तुझा,
अन्या

उद्या: शाळेआधी वहिनींकडे जाणे. फोनवर नको.