गुऱ्हाळाचा खोकला

आबा, तुम्ही खोकायला लागलात की आई म्हणायची, "गुऱ्हाळाचा खोकला हाय, हंगाम सरला की जातोय." आणि जायचाही. चुलवाणाच्या तोंडाशी बसून दिवसभर चिपाडं सारणाऱ्या माणसाला खोकला असणारच, त्यात विचारायचं काय, अशी साऱ्या वाडीची समजूत. मी तुमची भाकरी घेऊन यायचे आणि धुरानं डोळे चोळत शेजारीच बसून राहायचे. तुम्ही गरम गूळ उसाच्या पाल्यावर काढून द्यायचात, "खा, आन् पळ घरला." मी कसली पळतेय! मग एका वर्षी हंगाम सरला, चुलवाण थंड झालं, तरी खोकला राहिला. टीबी समजून औषधं सुरू झाली, आईनं तुमचं ताट-तांब्या वेगळं केलं. शेवटी कोल्हापूरला नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, फार उशीर केलात. आपण उशीर केला नव्हता हो, आबा. वेळ कधीची होती हेच कुणी सांगितलं नव्हतं. याचा राग मला आजही येतो.

आता सांगतात. काही त्रास नसतानाच छातीचा सीटी स्कॅन काढायचा, वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्यांनी, म्हणजे गाठ लहान असतानाच सापडते. मशीन मात्र शहरात. मला शहराला लागूनच उचगावात दिलेली, मी रिक्षानं पोचते. दादानं वाडीतून फाट्यापर्यंत चालायचं, तिथून गारगोटी, मग एसटी, आणि दिवस बुडाला तो बुडालाच. तुमच्या जागी आता तोच बसतो, आणि बिडीही तुमच्यासारखीच ओढतो. फोनवर विषय काढला की म्हणायचा, "दुखत न्हाय, खुपत न्हाय, दवाखान्यात जाऊन काय आरती करू व्हय?" शेवटी मीच गुऱ्हाळावर गेले. गुळव्या काहिलीतल्या उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून, पाक झाला का हे कळायला गोळी जमते का बघत होता. मी दादाला विचारलं, "ही गोळी काहील उतरल्यावर बघत्यात का आदी?" त्यानं हातातली चिपाडं आत सारली. मग म्हणाला, "लई शानी झालीस उचगावात जाऊन." पण चुलवाण दुसऱ्याच्या हवाली करून भर हंगामात आला.

त्याची तपासणी झाली तरी गडी जागचा हलेना. "हिची बी बघा," म्हणून डॉक्टरांच्या मागे लागला. मी बिडी-सिगारेट ओढते का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणायच्या आत दादाच बोलला, "वडत न्हाय, पर धूर माझ्याएवढाच खाल्लाय की हिनं. आमचं आबा त्यातच गेलं." एरवी अशांची करत नाही, म्हणत डॉक्टर तयार झाले.

दादाची छाती स्वच्छ निघाली. मी तिथंच रडले, आणि तो मला रागावला, लोक बघत्यात म्हणून. आता तो भाड्याची वडाप जीप भरून आसपासच्या गावांतली माणसं तपासणीला आणतो. कुणी कां-कूं केलं तर दम देतो, "पावणं, गोळी आदी बघायची असती!" माणसं आत असली की माझ्याकडे चहाला येतो, आणि तुमच्यासारखाच बशीत ओतून पितो.

माझा रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले होते. बारीक ठिपका आहे. डॉक्टर म्हणाले, बहुतेक ठिपके काही नसतात, पण तीन महिन्यांनी पुन्हा बघू. ते तीन महिने उलटले, गुढीपाडवाही झाला. "तुझं काय निघालं?" असं दादानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, काही नाही. घरीही तेच सांगितलं. लोकांना शहाणपण शिकवणारी मी, पण त्या मशीनखाली पुन्हा झोपायची मला भीती वाटते, आबा. दादाला कळलं तर तो आजच्या आज हात धरून नेईल. म्हणून तुम्हाला सांगितलं.