मामा आहे का?

मंगळवार, जेवणाआधी

काहून म्हटलं मी "नाही"?

दुपारी अभनपुरात लोककथा गोळा करायला गेले, तर फूलबाई गोष्ट सांगायलाच तयार नव्हती. दिवसा सांगितली तर ऐकणाऱ्याचा मामा रस्ता भुलतो म्हणे. "दीदी, तोर ममा हे का?" तिने विचारलं. मामा आहे का तुला? संध्याकाळपर्यंत थांबायचा मला कंटाळा. सरळ "नाही" म्हटलं आणि रेकॉर्डर चालू केला.

मनात हसूही आलं. दिवसा गोष्ट सांगितली तर कुठल्या देशात साप येतो, कुठे सांगणाऱ्याला शिंगं फुटतात. माझ्या प्रबंधात यावर अख्खं प्रकरण आहे!

घरी आले तर मामी दारातच. "दह्याले गेले ते आलेच नाही गं अजून." याच बुढापारा मोहल्ल्यात जन्म गेला मामाचा. आणि दह्याचं दुकान तर गल्लीच्या तोंडाशी.

तलावाच्या काठी सापडला. दह्याची पिशवी मांडीवर, नीट बसलेला. "मामा, चल घरी," म्हटलं. माझ्याशी कधीच हिंदी न बोलणारा मामा हात जोडून म्हणाला, "आप किसके घर की हैं, बेटी?"

वय झालं, होतं असं. मीच मामीला समजावलं. पण घरी आल्यावर त्याला मामी ओळखू आली, शेजारचे भैया ओळखू आले, कुलूप कुठे टांगायचं तेही आठवलं. फक्त मी नाही.

मामी रडकुंडीला आली. "अहो, भाची ना तुमची!"

मामाने माझ्याकडे नीट बघितलं. मग तिला म्हणाला, "मले भाची नाही."

अगदी सहज. मी दुपारी म्हटलं होतं तसंच.