डब्याची हाक

२ मार्च

सौभाग्यवतींनी कोंबड्यांशी अबोला धरला आहे. कारण अज्ञात.

इतकी वर्षे सकाळ-संध्याकाळ परसात उभे राहून ‘याऽ गं बायांनो’ अशी जी हाक सुटे, तिच्यावर कुंपणापलीकडचा दूधवाला घड्याळ लावीत असे. आता हाती चहापत्तीचा रिकामा डबा आणि चमचा. ठण ठण ठण. मग दाणे. कोंबड्या माना वाकड्या करून एकमेकींकडे पाहतात — सभेचा अध्यक्ष ऐनवेळी बदलावा तशा.

‘हा कोणता नूतन वाद्यवृंद?’ — मी.

‘घसा दुखतो,’ — ती.

घसा दुखतो हे सत्य आहे. त्याकरिताच परवा रुग्णालयात प्रस्थान. परंतु कोठीच्या खोलीत लाल कोंबडी — आमची महाराणी — अंड्यांवर बसली आहे, तिच्यापुढेही हलक्या हाताने तीन ठोके.

‘अंड्यांवर गर्भसंस्कार?’

‘तुमच्या भाषणांपेक्षा बरे.’

वादविवादात मी पराभूत. नित्याप्रमाणे.

४ मार्च

रुग्णालय. शल्यविशारद वयाने माझ्या विद्यार्थ्यांइतका. म्हणाला, ‘गाठ कुठवर गेली आहे ते उघडल्यावरच कळेल. कदाचित आवाज राखता येईल.’

या ‘कदाचित’ शब्दाला मी दोन्ही हातांनी धरून घरी आलो आहे. भाषाशिक्षक म्हणून आजवर हजारो शब्द हाताळले. इतका देखणा एकही नव्हता.

तिला तिथे दाखल करून मी निघताना तिने आज्ञापत्र जारी केले ते असे — पिल्लांच्या पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर एखादे बुडेल. दिवसा ऊन, रात्री ऊब. मुंगसावर लक्ष ठेवा. ‘आणि त्यांच्याशी बोलू नका. नुसता डबा वाजवा.’

‘माझ्या अमृतवाणीने पिल्लांचे काय बिघडणार?’

‘एवढं माझं ऐका.’

मी हसलो. ती हसली नाही. हे आत्ता लिहिताना ध्यानात येते आहे.

७ मार्च

शस्त्रक्रिया झाली. ती वाचली. ‘कदाचित’ वाचले नाही.

१० मार्च

स्त्रियांच्या कक्षात रात्री पुरुषांस मज्जाव, म्हणून तिची थोरली बहीण — ताई — तिथे मुक्कामाला आहेत. मी दिवसा जातो.

गळ्याच्या मुळाशी छिद्र. त्यावर जाळीदार फडका. श्वास नाकावाटे नव्हे, तिथून येतो-जातो. किंचित शीळ घालतो. मी खुर्ची ओढली आणि बोलत सुटलो — लिंबाला आलेला बहर, मधमाश्यांचे अधिवेशन, दूधवाल्याची म्हैस, मुख्याध्यापकांनी रजा देताना केलेला चेहरा. अर्धा तास एकही विराम नाही. थांबलो तर ती शीळ ऐकू येई.

ती भिंतीकडे पाहत होती.

‘भाऊजी,’ ताई म्हणाल्या, ‘जरा गप्प बसाल का?’

२० मार्च

कोठीतून चिवचिवाट! महाराणी प्रसूत झाल्या. अंड्याचे कवच आतून टोचून, ओलेचिंब, अत्यंत कुरूप असे एकेक पक्षिशावक बाहेर आले आणि तासाभरात त्याचा रेशमी गोंडा झाला. काही अंडी रिकामीच निघाली. शेवटचे पिल्लू कवचातच थकून पडले होते. मी नखाने वाट करून दिली. त्याचे नाव बटू.

रुग्णालयात जाऊन साभिनय वर्णन केले. प्रथमच तिने मान माझ्याकडे वळवली. उजव्या हाताच्या बोटाने खाटेच्या लोखंडी कडेवर तीन वेळा वाजवले. माझ्याकडे पाहिले. पुन्हा वाजवले.

‘होय, होय,’ मी म्हणालो, ‘डबा वाजवतो.’

वाजवला नव्हता. महाराणी स्वतःच समर्थ होत्या, डब्याचे प्रयोजन काय?

२३ मार्च

पिल्ले उन्हात डालग्याखाली झाकून, महाराणी आणि इतर दोघी बाहेर मोकळ्या सोडून रुग्णालयात गेलो होतो. परतलो तर परसभर पिसे.

मुंगूस. तिघीही गेल्या. महाराणी डालग्याला खेटून पडली होती, पंख पसरलेले. तिने त्याला वेताच्या बुरुजापाशी पोहोचू दिले नाही. आत पिल्ले सगळी जिवंत. ओरडून ओरडून आवाज बसलेला.

हे तिला सांगायचे नाही. सांगणे हेच ज्याचे चरितार्थाचे साधन, त्याने काय सांगू नये याची सूची वाढत चालली आहे.

२६ मार्च

स्वयंपाकघरात अनाथालय. पुठ्ठ्याचे खोके, वर विजेचा दिवा. दिवा खाली आणला तर बालके धापा टाकत कोपऱ्यात पळतात. वर नेला तर एकमेकांवर चढून ढीग रचतात आणि ढिगाच्या तळाशी नेहमी बटू. पहाटे वीज गेली. गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून ठेवली आणि मी स्वतः खोक्याभोवती वेटोळे घालून निजलो. शेषशायी नव्हे. शेषच.

बटूची विष्ठा पार्श्वभागी वाळून बसली होती. कोमट पाण्याने मलद्वार-प्रक्षालन केले. ही पदवी कोणत्या विद्यापीठात मिळते ठाऊक नाही, परंतु मी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालो आहे.

एक पिल्लू ताटलीत बुडाले. खडे टाकायचे विसरलो होतो.

२८ मार्च

घर फार शांत आहे. इतके, की पाण्याच्या हंड्याचा थेंब शेजारच्या खोलीत ऐकू येतो. मी पिल्लांशी बोलू लागलो आहे.

प्रारंभी केवळ ‘अरेरे’ आणि ‘बास आता’. मग रीतसर व्याख्याने. ‘सभ्य गृहस्थहो आणि भगिनींनो’ म्हटले, की सारा विद्यार्थीवर्ग खोक्याच्या माझ्या बाजूस धावतो. शाळेतील चौदा तुकड्यांनी हे कधी केले नाही. ‘उपस्थितांचे सहर्ष स्वागत’ म्हणून कणी टाकली, की चोचींची झुंबड. बटू तर माझा शब्द पुरा होईपर्यंत मान वर करून स्थिर उभा असतो. असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता.

डबा फडताळात आहे. दिसतो. त्यांना काय फरक पडतो?

१ एप्रिल

परसात फिरायला नेले. मी पुढे, बोलत. मागे पिवळी-तपकिरी मिरवणूक. गवत हिरवे, लिंबाखाली पाकळ्यांचा सडा. दूधवाला कुंपणावर कोपरे टेकून उभा.

‘मास्तर, निवडणुकीला उभे राहा. मतदार तयार आहेत.’

आजारपण सुरू झाल्यापासून आज प्रथम सुख वाटले. आणि लगेच लाजही.

३ एप्रिल

ती घरी आली. ताई सोबत.

महाराणीचे सांगावे लागलेच. ती रिकाम्या खुराड्यात वाकून पाहून आली. गळ्यातली शीळ जलद झाली. मग पिल्ले पाहिली आणि मुद्रा उजळली — खरोखर उजळली. घरात गेली. फडताळातून डबा आणि चमचा घेऊन आली. गळ्याला फडका, अंगावर महिन्याभराची अशक्तता, तरी परसात ताठ उभी राहिली.

ठण ठण ठण.

पिल्ले दचकली. तिने दाणे टाकले. पुन्हा ठण ठण ठण. पिल्ले किंचाळत उधळली ती थेट माझ्या पायांत येऊन घुसली. बटू माझ्या पादत्राणावर चढला.

प्रसंग सावरायला मी म्हणालो, ‘घाबरू नका, मातोश्री आहेत!’ माझा आवाज ऐकताच सगळी शांत झाली.

हीच चूक. नाही — चूक आधीच झाली होती. हे तिच्यासमोर त्या चुकीचे प्रात्यक्षिक.

तिने डबा दगडावर ठेवला. आपटला नाही. आपटला असता तर बरे वाटले असते.

४ एप्रिल

ताईंनी स्वयंपाकघरात गाठले. शब्द जसे स्मरतात तसे —

‘तिला आधीच कळलं होतं. डॉक्टर कदाचित म्हणाला ना, त्याच्याही आधी ती मला म्हणाली, ताई, आवाज गेला तर माझ्या कोंबड्या मला ओळखणार नाहीत. घसा चालू आहे तोवर डब्याची सवय लावून ठेवते. नवी पिल्लं तर पहिल्यापासून डब्यावरच वाढतील. त्यांना माझा आवाज कधी होता हे माहीतच नसेल.’

मग म्हणाल्या, ‘तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती तिने, भाऊजी.’

डबा ओळखणाऱ्या तिघी मुंगसाने नेल्या. डबा न ओळखणारी पिल्ले मी घडवली. मुंगसाला निदान भूक होती.

६ एप्रिल

ती खिडकीकडे पाठ करून बसते. पेज अर्धी ठेवते. मी आत गेलो की डोळे मिटते. मी क्षमायाचनेचे एक भाषण रचले होते — आरंभ, मध्य, उपसंहार. ‘मी’ एवढे म्हणताच तिने हात वर केला. तळवा माझ्याकडे. उपसंहार.

८ एप्रिल

ताई पुढच्या रविवारी तिला आपल्याकडे नेणार. ‘दवाखाना जवळ पडेल. माझ्या सुनाही आहेत मदतीला.’

‘किती दिवसांकरिता?’

ताईंनी तिच्याकडे पाहिले. तिने खांदे उडवले.

तिचा लुगड्यांचा पेटारा नव्हे, मोठी पेटी काढली आहे माळ्यावरून. थोड्या दिवसांना कोणी ती काढत नाही. भांडण असते तर मी दोन्ही बाजूंनी लढवले असते. खांदे उडवण्याला काय उत्तर देतात? मला खरोखर ठाऊक नाही. कोणाला विचारू? या घरात उत्तर देणारी एकच होती.

९ एप्रिल

आजपासून मौन.

व्रत म्हणून नव्हे. व्रताला तेज असते. हे निव्वळ प्रायश्चित्तही नव्हे, हा अभ्यासक्रम आहे. ताई पेटी शोधून आपल्या घरी तयारीला गेल्या आहेत. पिल्लांनी माझा आवाज विसरावा आणि डबा शिकावा. अवधी अल्प, गुरू अपात्र.

सकाळी ठण ठण ठण केले. पळाली. दाणे टाकून दूर झालो. आली नाहीत, माझ्याभोवती फिरून वर पाहत राहिली, स्वागताच्या प्रतीक्षेत. बटूने माझ्या धोतराचा काठ ओढला. ‘सभ्य गृहस्थहो’ अगदी दातांपर्यंत आले. पंच्याचे टोक तोंडात कोंबून उभा राहिलो.

ती खिडकीत नव्हती.

११ एप्रिल

उपाशी ठेवून शिकवावे लागते आहे. डबा वाजल्याखेरीज दाणा नाही. चिवचिव ऐकवत नाही. परसातून घरात येतो तर घरातही बोलण्याचे धैर्य होत नाही, कारण भिंत पातळ आहे आणि पिल्लांचे कान तीक्ष्ण. म्हणजे आता दोघेही निःशब्द. स्वयंपाकघरात फक्त भांड्यांचे आवाज आणि तिच्या श्वासाची शीळ. पूर्वी ती शीळ बुजवायला मी बोलत असे. आता ऐकतो. ती चढण चढताना शीळ एक असते, पाणी पिऊन झाल्यावर दुसरी, आणि रडू आवरताना तिसरी. तिसरी आज दुपारी ऐकली.

दाराबाहेर उभा होतो. आत गेलो नाही. काय घेऊन जाणार? शब्द तर बंद ठेवले आहेत, आणि तेवढेच माझ्यापाशी होते.

दूधवाला — ‘मास्तर, तब्येत बरी ना? तीन दिवस तुमचा आवाज नाही. म्हशी बिथरल्यात.’

मी मान हलवली. तो दूध ठेवून टोपी काढून गेला. त्याला बहुधा वाटले, कोणी वारले.

१२ एप्रिल

बटू आला! ठण ठण ठण — आणि तो दुर्बळ, वाकड्या पायाचा, मलद्वार-प्रक्षालित बटू सर्वांना मागे टाकून डब्याकडे धावला. मागून एक. मागून सगळी.

मी वळून खिडकीकडे पाहिले. पडदा हलत होता. वाऱ्याने असेल.

१३ एप्रिल

तिन्ही वेळा आली. मी लिंबाआड लपून वाजवला तरी आली. म्हणजे मला नव्हे, डब्यालाच. माझे शिक्षण संपले. डबा पुसून, चमचा आत घालून, तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला.

पेटीला दोरी बांधून झाली आहे. सांजवेळी डबा तिथेच होता. तिने तो ओलांडून पाणी घेतले.

१४ एप्रिल. रविवार

ताईंची गाडी फाटकाशी उभी. मी परसाच्या टोकाला खुराड्यात पिल्ले कोंडत होतो. निरोपाला सामोरे जाण्याचे धाडस नव्हते. बटू आत गेला. कडी घातली.

एवढ्यात परसदारी डबा वाजला. ठण ठण ठण.

पिल्ले आत फडफडली. पण ती तर सगळी कोंडलेली, आणि हे तिला दारातून दिसत होते. मग हाक कोणाला?

पुन्हा वाजला. या खेपेस जरा चिडून — मी हाकेसरशी ‘ओ’ दिली नाही, की पूर्वी चिडायची तशी.

मी गेलो.